सावद्याच्या शेडमधल्या अक्का

परवा देवपूरच्या घरी कच्ची केळी चिरताना बोटांना चीक लागला आणि त्या तुरट वासानं मला सावद्याच्या केळी पॅकिंगच्या शेडमध्ये नेलं.

बीबीएच्या दुसऱ्या वर्षी मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या प्रोजेक्टसाठी मी पिंप्राळ्याहून तिथं गेले होते. ओल्या फरशीवर उभ्या राहून बायका टाक्यांमध्ये केळीच्या फण्या धूत होत्या. विमल नावाच्या बाईच्या हातून एक फणी निसटली, त्या सकाळची तिसरी. मालक म्हणाले, "उद्यापासून हिला बोलावू नका."

बायकांच्या मुकादम अक्का हात पुसत त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. "हात थरथरतात तिचे, भाऊ. पण नजर पक्की हाये. तिले फळं निवडायले बसवा."

"तुम्हाला काय माहीत?"

"रोज तिच्याजवळ बसून भाकर खाते मी."

मालकांनी विमलला निवडायच्या जागेकडे बोट दाखवलं. विमल निवडायला बसली आणि इतरांच्या नजरेतून सुटलेली डागी फळंही तिनं दुपारपर्यंत बाजूला काढली.

प्रोजेक्टमध्ये मी लिहिलं, 'मुकादम मालकांच्या निर्णयात ढवळाढवळ करतात.' आता धुळ्याच्या एका कारखान्यात माणसं नेमणं आणि काढणं हेच माझं काम आहे. मालकांपुढे अक्कांसारखं उभं राहायला मला अजून जमलेलं नाही.