अंबाबाईची डावी बाजू

छायाने अंबाबाईला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा अंबाबाईच्या तोंडात भाताचा दाणा होता. छाया लग्न होऊन कशेळ्याला आली त्या वर्षीची गोष्ट. सासऱ्यांची भाताची गिरणी होती आणि गिरणीच्या दारात ही काटक बाई बसलेली असे. कुणाचंही पोतं आलं की कोपरापर्यंत हात घालून ती तळचा दाणा काढी, डाव्या दाढेखाली धरी आणि डोळे मिटून चावी. दाणा कट्कन तुटला की म्हणे, "घाला." नुसता दबला की, "दोन उन्हं दाखवा अजून. नायतर कणी नेशीला घरी." सासरे तिच्या शब्दावर पोती माघारी धाडत आणि कुणी हुज्जत घालत नसे.

त्याला वीस वर्षं होऊन गेली. सासरे वारले, नवरा खोपोलीच्या कारखान्यात लागला आणि गिरणी छाया बघू लागली. दारात अंबाबाई होतीच.

गेल्या डिसेंबरात वाल्मिकचं भात भरडलं, तर निम्मा तांदूळ मोडून पडला. वाल्मिक हा अंबाबाईचा दीर. वर्षानुवर्षं दोघांचं बोलणं नव्हतं, ते नुकतंच सुरू झालेलं. छायाच्या मनात पाल चुकचुकली. दिराला ओलं भात सुकवायला लावायचा संकोच वाटला असेल बाईला. पण त्याच आठवड्यात आणखी तिघांची कणी झाली, आणि त्यांच्याशी तर तिचं काही नातं नव्हतं.

मग छाया तिच्यावर नजर ठेवू लागली. अंबाबाई गरम चहाला हात लावत नव्हती. बोलताना पदर तोंडावर धरायची. मधेच गिरणीच्या मागे जाऊन चूळ भरून यायची. दाणा तोंडात टाकायची, पण जबडा हलायचाच नाही. नुसतं पोत्याकडे बघून म्हणायची, "घाला."

एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. छायाने तिच्यापुढे दाणा धरला. "मावशी, चाव. डावीकडं."

"तू काय माजी सासू हायस?"

"चाव म्हणते ना."

"नाय चावत. काय करशील?"

"मग चार जणांच्या तांदळाची कणी कुणी केली ते मी गावाला सांगेन."

अंबाबाईने पदर बाजूला केला आणि रागाने तोंड उघडलं. छायाने मोबाइलचा उजेड पाडला. खालच्या डाव्या दाढेशी हिरडीवर मुगाएवढी पुळी होती, पांढऱ्या तोंडाची. उजवीकडच्या दाढा तर कधीच पडलेल्या.

"कधीपासून?"

"गणपतीपासून. फुटती, खारट पाणी येतं, बसती. परत येती. दुखत नाय."

"मग दाखवलं का नाहीस?"

"दुखत नाय तर दाखवायचं काय? आणि दाखवलं की कापतात. आमच्या हिरूचं तोंड कापलं. आली का ती घरी?"

हिरू तिची धाकटी बहीण, तोंडाच्या कॅन्सरने गेलेली. तरी छाया म्हणाली, "उद्या कर्जतला जाऊ."

"मला गिरणीतनं काढायचं हाय तुला. आधी आजारी ठरवायचं, मग घरी बस म्हणायचं. मला कळत नाय व्हय गं?"

तसा विचार छायाच्या मनात एकदा येऊन गेला होता. तरी दुसऱ्या सकाळी तिने मावशीला जीपमध्ये बसवलंच.

कर्जतच्या दातांच्या डॉक्टर निशिगंधा वयाने लहान होत्या. त्यावरही अंबाबाईला संशय आला. "हिला तरी अक्कलदाढ आली का?" ती छायाच्या कानात कुजबुजली. डॉक्टरीणबाईंना ते ऐकू गेलं आणि त्या हसल्या. त्यांनी दाढेचा एक्स-रे काढला. "मावशी, दाढ चिरली आहे आणि मूळ सडलंय. त्याचा पू ह्या पुळीतून वाट काढतोय. पुळी बसली म्हणजे आजार गेला असं नसतं. दाढ काढावी लागेल. तोवर गालावर सूज चढली, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर त्याच दिवशी यायचं. श्वास अडला तर थेट मोठं हॉस्पिटल."

"बघ," अंबाबाई छायाला म्हणाली, "एवढंच हुतं."

छाया सुटकेचा निःश्वास सोडत होती, तोच डॉक्टरीणबाईंनी उजवीकडचा खालचा ओठ ओढून पाहिला. "हे काय?"

"तो मिश्रीचा घट्टा. मुसळानं हाताला पडतो ना, तसा. माज्या आयेलापण हुता. त्यानं हिरडी पक्की व्हती."

निशिगंधा आता हसत नव्हत्या. रोज सकाळी भाजलेल्या तंबाखूची पूड जिथे दाबून ठेवायची, तिथे हिरडीवर पांढरा खरबरीत चट्टा होता, आणि त्यात तुरीच्या दाण्याएवढी टणक गाठ.

"गाठ कधीची?"

"दिवाळीची असंल. ती तर बिलकूल दुखत नाय."

"पुळीपेक्षा मला हिची काळजी वाटते. तोंडातली कुठलीही गाठ, चट्टा किंवा जखम दोन आठवड्यांत गेली नाही, तर दुखो न दुखो, दाखवायचीच. हिचा तुकडा तपासायला पाठवूया. आणि मिश्री आजपासून बंद."

कशेळ्याला जीपमधून उतरताना अंबाबाई म्हणाली, "हिरूलाबी आधी घट्टाच हुता. आमीच म्हनलो, असूदे."

तपासणीचा कागद यायला दहा दिवस लागले. त्या दहा दिवसांत छायाने फोन वाजला की आधी नंबर बघितला, आणि अंबाबाईने मिश्रीचा डबा दोनदा फेकला नि दोनदा उचलून आणला. तिसऱ्यांदा फेकला तो शेजारणीच्या चुलीत.

कॅन्सर नव्हता. पण पेशी बिघडायला लागल्या होत्या. आणखी वर्षभर थांबली असती तर काय, असं छायाने विचारलं, त्यावर निशिगंधा म्हणाल्या, "ते कुणीच सांगू शकत नाही." चट्टा गाठीसकट काढला आणि दाढही काढली. छायाने गिरणीत भाताचा ओलावा मोजायचं यंत्र आणलं आणि ते अंबाबाईच्या हाती दिलं. पहिला महिनाभर तिचा त्या यंत्रावर विश्वास नव्हता.

आता दर तीन महिन्यांनी ती एकटी जीपने कर्जतला जाते आणि तोंड तपासून येते.