बाजूचं दार उघडं आहे

एल्सबी गावात कोरीनला सगळे ओळखत होते आणि तिच्याबद्दल कुणालाच काही ठाऊक नव्हतं. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या त्या टोकाला हे खपून जातं. तिथे माणसं हवेपाण्याबद्दल भरभरून बोलतात आणि बाकीचं विचारत नाहीत.

ती किराणा दुकानाच्या बेकरीत केक सजवायची. दुकानाचं सवलतीचं कार्ड मात्र तिने कधी घेतलं नाही. कार्ड फुकट होतं. फक्त नाव, पत्ता आणि फोन नंबर द्यायचा. ती दूध पूर्ण किमतीला घ्यायची.

"बाई, स्वतःच्याच दुकानाकडून लुटून घेणारी तू पहिलीच," गल्ल्यावरचा लायल म्हणायचा.

"श्रीमंत आहे मी. तुला आत्ता कळलं?"

चर्चच्या सभासदांच्या पुस्तिकेत सगळ्यांचे फोटो होते. कोरीनच्या चौकोनात लिलीचं फूल होतं. तिच्या फोनवरून फक्त बोलता यायचं. लोकांना वाटायचं, बाई जरा विक्षिप्त आहे. तिने वाटू दिलं.

खरं एवढंच होतं, की शेजारच्या दक्षिण डकोटा राज्यात तिचा नवरा होता. व्हर्लिन. त्याने एकदा तिचा हात दाराच्या चौकटीवर दाबून धरला होता आणि दुसऱ्या हाताने दार लावलं होतं. ती पळाली तेव्हा तिचं नाव वेगळं होतं. तो अजून शोधत असणार, याबद्दल तिला कधी शंका वाटली नाही.

जानेवारीत दुकानाच्या मागे बर्फावरून तिचा पाय घसरला. घोटा मोडला. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, कुबड्या दिल्या आणि पाय टेकवायचा नाही म्हणून बजावलं. दोन्ही हातांत कुबड्या असल्या की माणसाला साधी बशी उचलून टेबलापर्यंत नेता येत नाही, हे तिला घरी आल्यावर कळलं. ओट्याशी उभं राहून ती डब्यातला थंड राजमा चमच्याने खायची.

तशी ती आर्डिसला सापडली. आर्डिस चर्चमधली, तिथल्या गोधड्या शिवणाऱ्या बायकांच्या मंडळातली, एल्सबीतली तिची एकुलती खरी मैत्रीण.

"अगं, कुत्रीसुद्धा यापेक्षा बरं जेवतात," आर्डिस म्हणाली. "मी पान उघडते तुझ्या नावाचं."

त्या भागात कुणी आजारी पडलं की बायका विचारत बसत नाहीत, कॅसरोल, म्हणजे एकाच भांड्यात भट्टीत भाजलेलं जेवण, घेऊन येतात. पूर्वी एक बाई दुसरीला फोन करायची, दुसरी तिसरीला. आता त्यासाठी इंटरनेटवर एक फुकट सोय होती. पान उघडायचं, ज्याने त्याने आपला वार निवडायचा आणि काय आणणार ते लिहायचं. म्हणजे चार घरांतून एकच मॅकरोनी येत नाही.

"नको," कोरीन म्हणाली. "मला नाही आवडत ते."

"फुकट आहे गं."

"म्हणूनच."

"मग काय, मी रोज पंचवीस घरांना फोन लावू? माझंही वय झालंय."

कोरीनने त्या राजम्याच्या डब्याकडे पाहिलं. "आडनाव नको. फोटो नको."

"बरं बाई. राणीसाहेबांचा हुकूम."

दुसऱ्या संध्याकाळी बाजूच्या दाराने कुणीतरी आत आलं आणि गरम जेवण टेबलावर ठेवून गेलं. कोंबडी, तांदूळ, वर चीजचा खरपूस थर. कोरीन जेवता जेवता रडली. मग रोज कुणी ना कुणी येत राहिलं. कुणी अंगणातला बर्फ काढला, कुणी कचरा नेला. उगाच भीत होतो आपण, असं तिला वाटायला लागलं. एवढी वर्षं उगाच.

एका सोमवारी आर्डिस कॉफी प्यायला आली आणि फोनवरून आठवड्याचा बेत वाचायला लागली.

"उद्या पास्टरीणबाई. बुधवारी लायलची बायको, देव तुझं रक्षण करो. गुरुवारी कुणीतरी बाहेरगावचा आहे. किती गोड लिहिलंय बघ. 'तिला काय आवडतं ते माझ्याइतकं कुणाला माहीत नाही. मी स्वतः घेऊन येतो.' खाली सही म्हणून नुसतं व्ही. कोण गं हा? लबाड, लपवून ठेवलास होय?"

कोरीनने कप टेबलावर ठेवला.

"पान दाखव मला."

पानावर तिचा चेहरा होता. गोधडी मंडळात कुणीतरी काढलेला, हसताना.

"फोटो असला की दुप्पट लोक मदत करतात, असं तिथेच लिहिलं होतं," आर्डिस म्हणाली. "आणि किती छान दिसतेस त्यात."

फोटोखाली पत्ता होता. त्याखाली आर्डिसने लिहिलं होतं, 'बाजूचं दार दिवसभर उघडं आहे. तिला उठता येत नाही. सरळ आत या.'

"हे कुणाकुणाला दिसतं?"

"ज्याला पाठवलं त्याला. मी मंडळाला पाठवलं, माझ्या मावसबहिणींना पाठवलं. त्यांनी पुढे पाठवलं असेल. डकोटात आहेत ना त्या."

मग कोरीनने सांगितलं. थोडक्यात सांगितलं. दाराचंही सांगितलं. आर्डिसने पान पुसून टाकलं. तासाभराने तिची मावसबहीण फोनवर म्हणाली, की गुरुवारची आठवण आणि पत्ता नावं नोंदवलेल्या सगळ्यांना मेलने आधीच गेलाय. आर्डिसने शेरीफच्या पोलीस कचेरीत फोन केला. तिथला माणूस भला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"पण बाई, जेवण घेऊन येणं हा काही गुन्हा नाही," तो म्हणाला. "त्याने काही केलं तर लगेच फोन करा."

मंगळवारी दुपारी आर्डिस तिला गाडीतून डुलुथ शहरातल्या बस अड्ड्यावर घेऊन गेली. एक बॅग. केक सजवायच्या नळ्या कोरीनने बेकरीतच राहू दिल्या.

"कुठे जातेस ते तरी सांग," आर्डिस म्हणाली. "आपल्या चर्चच्या बायका सगळीकडे आहेत. मी नुसता एक फोन करते. पायाची ही अवस्था. कोण बघेल तुला?"

कोरीन तिच्याकडे बघत राहिली. ही बाई अजूनही तेच करायला निघाली होती.

"मी मुद्दाम नाही गं केलं."

"माहीत आहे मला."

"मी फक्त जेवण पोचवत होते."

"पोचलं. फार चांगलं होतं." कोरीनने कुबड्या काखेत घेतल्या. "आता तू जा. मी कुठल्या बसमध्ये चढते ते तुला दिसता कामा नये."

"मी कुणाला सांगणार नाही."

"जा, आर्डिस."

आर्डिस गेली. कोरीन आत जाऊन बाकावर बसली. तिच्या बसचा दरवाजा उघडला, माणसं चढू लागली. तिने काचेतून बाहेर पाहिलं. आर्डिसची गाडी रस्त्यापलीकडे उभी होती, इंजिन चालू होतं. कुबड्यांवरची बाई बर्फात पडली तर धावत येता यावं, म्हणून ती थांबली होती.

ड्रायव्हरने दारातून विचारलं, "बाई, येताय ना?"

कोरीनने मान हलवली. नाही.

दार बंद झालं. बस निघाली. गाडी तिथेच उभी होती.