पुरीच्या बाजूचे सर

सुदामा नगरात विश्वाच्या आकाराची काळजी एकट्याने वाहणारा माणूस म्हणजे आमच्या समोरचे सर. बाकी कॉलनी नळाच्या पाण्याची काळजी करते. सर कॉलेजात फिजिक्स शिकवून रिटायर झाले, पण शिकवणं सुटलं नाही. विद्यार्थी तेवढे सुटले. त्यामुळे दूधवाला, इस्त्रीचे कपडे नेणारा प्रेसवाला, मी, जो हाती लागेल त्याचा क्लास. माझ्या भाच्याच्या मुंजीत त्यांनी वाढप्याला थांबवून अख्ख्या पंगतीला सुनावलं, "विश्व तीन तऱ्हेचं असू शकतं. पोळीसारखं सपाट, तळलेल्या पापडासारखं वाकडं, नाही तर पुरीसारखं बंद. पुरीवर मुंगी सरळ चालत राहिली ना भिया, तर घूम-फिरके घरीच येते." मोजमापं पोळीच्या बाजूने आहेत हे ते प्रामाणिकपणे कबूल करत, पण स्वतः पुरीच्या बाजूचे. "पुरी इतकी मोठी असेल की अपन को सपाट वाटते," हा त्यांचा युक्तिवाद. पंगत मठ्ठ्याची वाट बघत बसली.

त्यांच्या घरात प्रत्येक खोलीत थर्मामीटर टांगलेला आहे. "जागोजागी एक आकडा, दिशा कुठलीच नाही, यालाच स्केलर फील्ड म्हणतात. असंच एक फील्ड सुरुवातीला होतं, त्यानेच विश्वाची पुरी ताणून ताणून पोळीसारखी केली." पाहुणे बिचकायचे, कोणाला तरी ताप आहे असं त्यांना वाटे. काकू होत्या तोवर स्वयंपाकघरातला पारा सगळ्यात वर असायचा. आता सगळ्या खोल्यांचा आकडा जवळपास सारखाच येतो. सर म्हणतात, फील्ड युनिफॉर्म झालं. मला ते ऐकवत नाही.

सरांचा मुलगा कॅनडात. या दिवाळीला तो नक्की येणार म्हणून सरांनी त्याची खोली रंगवून घेतली होती. धनत्रयोदशीला सकाळी मी फराळाचं ताट घेऊन गेलो, तर त्याचा फोन स्पीकरवर चालू होता. सुट्टी नामंजूर झाली होती. "बाबा, मी फार लांब निघून आलो," तो रडवेल्या आवाजात म्हणत होता.

सर वर्गात बोलावं तसे शांतपणे बोलले, "नाही बेटा. गॅलक्सी कुठे जात नाहीत, आपल्या जागीच असतात. मधली जागा फैलते. तू कुठे नाही गेलास, मी पण नाही."

फोन ठेवून त्यांनी भिंतीवरच्या थर्मामीटरचा आकडा पाहिला. मग म्हणाले, "थिअरी पक्की आहे भिया. पण ती मधली जागा रोज मलाच झाडावी लागते."

मी ताट ठेवून बसलो. त्यानंतर त्या दिवशी सरांनी काही शिकवलं नाही, आणि मी दुपारपर्यंत उठलो नाही.