अकरा सेकंदांची आई

आईचा आवाज मी स्वतःच्या हातांनी पुसला. यंत्र बिघडलं नव्हतं, वीज गेली नव्हती. पूर्ण शुद्धीत, चहा पीत पुसला.

मी तेव्हा जळगावच्या एका एफएम केंद्रावर सकाळचा कार्यक्रम करायचो. तो धुळ्यातही लागायचा, आणि धुळ्यात आमचं घर. त्या दिवशीचा विषय होता भरीत. श्रोत्यांनी फोन करून आपापली रीत सांगावी, म्हणून दोन दिवस मी घसा फोडत होतो. फोन आले तीन, त्यातला एक राँग नंबर. मग घरी फोन लावला आणि आईलाच ‘धुळ्याच्या एक श्रोत्या’ करून टाकलं.

“मी काय बोलू रे? लोके हसतीन माले,” म्हणाली आणि सहा मिनिटं बोलली. वांगी कापसाच्या काड्यांवरच भाजावीत, गॅसवर भाजणाऱ्याला देव बघून घेईल. मग शेजारणीची सून. मग “जेवना का तू?” मग हल्ली जिना चढताना कसं होतं ते. मध्ये मध्ये थांबत होती. मी घड्याळाकडे बघत “हो, हो” करत होतो.

श्रोत्यांचे फोन आधी रेकॉर्ड होतात, मग कापले जातात. कापण्यात माझा हात धरणारा केंद्रात कुणी नव्हता. पडद्यावर आवाजाची लाट दिसते. त्यात श्वास म्हणजे बारीक फुगवटे. आईच्या बोलण्यात दर चार शब्दांमागे एक फुगवटा. मी वैतागलो, पण डाळीतले खडे निवडावेत तसे एकेक निवडून काढले. अहिराणी काढली, शेजारीण काढली, जिना काढला. उरले अकरा सेकंद. आवाज असा खणखणीत, की आई वीस वर्षांनी तरुण वाटावी. सहकाऱ्याला ऐकवून शाबासकीही घेतली. कॉम्प्युटर भरत आला होता, म्हणून मूळ फोन उडवून टाकला.

कार्यक्रम संपल्यावर आईचा फोन आला. “इतलंच?”

“रेडिओवर वेळ कमी असतो गं,” मी म्हणालो. दिवसाला चार तास बडबडणारा मी.

तीन महिन्यांत ती गेली. डॉक्टर म्हणाले, धाप बरेच दिवस लागत असणार, कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? ती धाप पडद्यावर मोठी करून बघितलेला माणूस अख्ख्या खान्देशात मी एकटाच होतो.

तेराव्यानंतर माझे वडील, आबा, म्हणाले, “ती रेडिओवर बोलनी व्हती, ते लाव. बठ्ठं लाव, पुरं.”

मी जळगावला जाऊन सगळे कॉम्प्युटर धुंडाळले. इंजिनियरनं शेवटी माझ्यापुढे हात जोडले. प्रसारित झालेला तुकडा तेवढा सापडला. तो मोबाइलवर घेऊन धुळ्याला आलो.

आबांनी मोबाइल कानाशी धरला. आई अकरा सेकंद बोलली, कुठेही न थांबता. पाठोपाठ तेलाची जाहिरात लागली, जिंगलसकट. आबांनी मोबाइल हलवला नाही. जाहिरातीनंतर ती पुन्हा बोलेल असं त्यांना वाटत असावं. जाहिरात संपली. मग मोबाइल माझ्या हातात ठेवत म्हणाले,

“तेलनी जाहिरात मात्र बठ्ठी ठेवी तू.”