चहा पिऊन या

वेल्ह्याच्या कचेरीबाहेर पत्र्याच्या शेडात दस्त टाइप करणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे चाचा म्हणत. ते भोरहून एसटीनं येत. मुखत्यारपत्राला तेव्हा जो तो ‘पावर’ म्हणायचा. पानशेतकडच्या जमिनींना गिऱ्हाईक यायला लागल्यापासून तर हा शब्द चहाच्या टपरीवरही ऐकू येई. चाचांना तो खपत नसे. “पावर कसली? आपला अंगठा दुसऱ्याच्या हातात द्यायचा, एवढंच हाय ते,” असं ते टाइपरायटरवरून मान वर न करता म्हणत.

त्यांची एक रीत होती. अधिकार ज्याला मिळायचा, त्याला ते आधी बाहेर काढत. आईच्या जमिनीची पावर माझ्या नावानं करायला तिला घेऊन मी गेलो, तेव्हा मलाही म्हणाले, “तुमी जरा चहा पिऊन या.” राग आला, पण गेलो.

परत आलो, तर आईच्या अंगठ्याची शाई ते खोबरेल लावलेल्या चिंधीनं हलकेच पुसत होते. मी कागद पाहिला. ‘विक्री करणे’ हे शब्द खोडून शेजारी आईचा अंगठा घेतलेला.

एसटीत आई खुशीत होती. “लई चांगला माणूस. मला इचारलं, पोरगा जमीन इकंल का? म्या म्हनलं, माझा पोरगा? कंदी न्हाई. तर म्हनले, मग ह्यो शब्द कशाला ठेवायचा? बरोबरच हाय ना रे?”

माझ्या खिशात गिऱ्हाइकाचा फोन नंबर होता. मी ‘हो’ म्हणालो.