गावानं काढलेलं माझं सोंग

आमच्या गावात धुळवडीच्या दुपारी सोंगं निघतात. गाव वेल्ह्याच्या डोंगरात, पासलीच्या बाजूला. जेवणं उरकली की दोन-चार पुरुष कुणाच्या तरी गोठ्यात जाऊन कपडे बदलतात, तोंडाला काहीबाही फासतात आणि हलगी वाजवत घरोघरच्या अंगणात जातात. बाईचं सोंगही पुरुषच घेतो. बायकांनी ओट्यावर बसून हसायचं.

सोंगांची आठवण काढत गेलं की गावात कोण कोण येऊन गेलं ते आपोआप कळतं. माझ्या लहानपणी धरणाची मोजणी करणारा साहेब असायचा. तो दुर्बीण म्हणून तांब्या डोळ्याला लावायचा आणि दिसेल त्याच्या दारात खुंटी ठोकायचा. ज्यांची भातखाचरं जाणार होती ती माणसं जरा कमी हसायची, पण हसायची. मग राजगडावर जाणारे ट्रेकिंगवाले आले. पाठीवर पोत्याएवढी सॅक, आणि म्हशीच्या गळ्यात हात टाकून फोटो. त्यानंतर फार्महाऊसवाले, आणि त्यांच्या मागोमाग त्यांचा ओडिशाकडचा रखवालदार. त्याचं हिंदी आणि त्याची शिट्टी दोन वर्षं गाजली. तो स्वतः कुंपणाला टेकून आपलं सोंग बघायचा. तिसऱ्या वर्षी हलगी त्याच्याच गळ्यात होती आणि त्याचं सोंग काढायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

हा नियम कुणी सांगत नाही, पण सगळ्यांना ठाऊक असतो. सोंग बाहेरच्याचं काढायचं. गावातल्या माणसाची टिंगल वर्षभर तोंडावर करता येते, त्यासाठी शिमगा कशाला लागतो?

म्हणून दोन वर्षांपूर्वी माझं सोंग निघालं तेव्हा मला हसू आलं नाही.

मी भोरला सरकारी कचेरीत खिडकीवर बसते. वेल्ह्याच्या लोकांची काही कामं भोरलाच होतात, त्यामुळे आमच्या भागातली माणसं तिथे येतात. मी भोरलाच राहते आणि सणावाराला स्कूटीवरून गावी जाते. त्या धुळवडीला मी आईशेजारी ओट्यावर बसले होते. गल्लीतून माझा चुलतभाऊ आला. तो टेम्पो चालवतो, मिशा राखतो, आणि त्याच्या अंगावर माझा जुना पंजाबी ड्रेस होता. तोंडाला स्कार्फ, खांद्याला पर्स, डोक्यावर हेल्मेट. हेल्मेट तर माझंच होतं, मघाशी मी ते ओट्यावर काढून ठेवलेलं.

तो थेट आमच्याच अंगणात आला. पर्समधून रुमाल काढून त्यानं ओटा पुसला, फुंकर मारली, मग बसला. कुणीतरी पाणी पुढं केलं तर म्हणाला, "नको, मी माझं आणलंय." मी दिवाळीत अगदी हेच केलं होतं. ओटासुद्धा पुसला होता, आणि मला वाटलं होतं कुणी पाहिलं नाही. मग एकानं त्याच्यापुढं कागद धरला. त्यानं कागदाकडे न बघता, नाकातून आणि अगदी शुद्ध बोलत सांगितलं, "अपूर्ण आहे. उद्या या."

गाव लोटपोट झालं. सगळ्यांत जास्त आई हसली. ड्रेसही तिनंच काढून दिला होता, हे मला नंतर कळलं.

माझा राग नाकावर असतो. उठून तडक निघून जावं असं वाटलं, पण हेल्मेट त्याच्या डोक्यावर. शेवटच्या घरापर्यंत सोंग फिरून येईस्तोवर मी स्कूटीजवळ उभी राहिले, आणि येणारी-जाणारी प्रत्येक बाई "राहा की आजच्या दिस" म्हणत होती. आईला मी एवढंच विचारलं, की मी आता परकी का? ती म्हणाली लोकं हसली ना, झालं मग. भोरपर्यंत सगळा रस्ता मी मनातल्या मनात भांडत आले. मला फार लागलं होतं. रखवालदार हजार मैलांवरून येऊन गावचा झाला, आणि मी चाळीस मैलांवर जाऊन बाहेरची झाले.

पुढच्या वर्षी मी चुलतभावाला फोन करून सांगितलं, यंदा मी सोंग घेणार. वडीलधाऱ्यांत कुरबूर झाली, बायका सोंग घेत नाहीत म्हणून. चुलतभाऊच माझ्या बाजूनं बोलला. म्या गेल्या साली बाईचं घेतलं, ती औंदा बाप्याचं घेईल, फिट्टंफाट. काळ बदललाय एवढं सगळ्यांना मान्यच होतं. शिवाय बाई काय करते ते बघायचंही होतं.

मला गावाची जिरवायची होती, खोटं कशाला सांगू? खिडकीच्या अलीकडून मला रोज जे दिसतं ते मी करून दाखवणार होते. पायजमा घातला, टोपी घातली, उपरणं घेतलं. अंगणात खुर्ची मांडून ती खिडकी ठरवली. दारातच चपला काढल्या, कारण कचेरीत कुणी सांगत नसताना आमची माणसं चपला बाहेर काढतात. इथे पहिला हशा. मग पिशवीतून पिशवी, तिच्यातून तिसरी पिशवी, तिचं रबर दातानं सोडवणं. हसणं वाढत गेलं. खुर्चीपुढे मी कमरेत वाकले, कागद दोन्ही हातांनी धरला, मान डावीकडे जराशी कलती केली. "म्याडम, हितंच मिळतं न्हवं?" खुर्चीतून उद्या या असं उत्तर मिळाल्यासारखं करून "व्हय व्हय, येतो की" म्हणत दोन पावलं मागे सरले, पुन्हा पुढे आले आणि विचारलं, "जेवलात का, म्याडम?"

कुणीतरी म्हणालं, "आबाच हायती की ह्ये." आणि हशाचा असा गदारोळ उठला की हलगी ऐकू येईना.

मी कुणा एकाचं सोंग घेतलं नव्हतं, निदान मला तसं वाटत होतं. शंभर माणसांतून थोडं थोडं वेचलं होतं. पण ती कलती मान आबांची, माझ्या वडिलांची. तो जेवणाचा प्रश्नही त्यांचाच. त्याआधीच्या एका पावसाळ्यात ते न कळवता एका दाखल्यासाठी माझ्या खिडकीवर आले होते. रांगेत उभे राहिले, पाळी आल्यावर मला म्याडम म्हणाले. एक झेरॉक्स कमी होती. आपल्या माणसाचं आधी केलं असं कुणी म्हणायला नको म्हणून मी इतरांना सांगते तसंच त्यांनाही उद्या यायला सांगितलं. ते एसटीनं परत गेले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. हे मी विसरून गेले होते. विसरले नसते तर असं सोंग घेतलंच नसतं.

आबा गर्दीत मागे उभे होते. तेही हसत होते. मला मात्र अंगावरचा पायजमा कधी काढून टाकते असं झालं. सोंग बाहेरच्याचं काढायचं, आणि मी बापाचं काढलं होतं.

तोंड धुऊन मी घरात आले तेव्हा आबा चहा पीत होते. मी म्हणाले, आबा, मुद्दाम नाही केलं. त्यांनी बस म्हणून खुणावलं. मी ओटा न पुसता बसले, हे त्यांच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे. बराच वेळ ते सोंगाबद्दलच बोलले. चपलांचं बरोबर होतं, पिशव्यांचं बरोबर होतं, रबर दातानं काढायचं फार झालं म्हणाले. राग नव्हता. मग कप खाली ठेवून त्यांनी विचारलं,

"कचेरीत म्याडम म्हनायचं नसतं का?"

मी म्हणाले, तुम्ही कशाला म्हणायचं?

"म्या म्हनलो तवा तू काय बोलली न्हाईस. मला वाटलं, तसंच म्हनायचं असंल."

त्या म्याडमवर मी खरंच काही बोलले नव्हते. मागे रांग होती, आणि मी पुढच्या माणसाचा कागद हातात घेतला होता.