मामांच्या आठ्या

समस्त वरवंडकरांना आणि पाहुणेमंडळींना कळवण्यास अत्यंत दुःख होते, की आमच्या थोरल्या मामांच्या कपाळावरच्या आठ्या अलीकडेच निवर्तल्या. त्यांच्यामागे एक गुळगुळीत कपाळ आणि हवालदिल भावकी असा परिवार आहे.

त्या आठ्यांइतका दरारा आमच्या भागात कुणाचाच नव्हता. मुलीच्या लग्नाची बोलणी असली की भावकी मामांना घेऊन जायची. त्यांनी तोंड उघडायचं नाही, मुलाकडच्यांसमोर भिंतीला टेकून नुसतं बसायचं. मुलाचा बाप हुंड्यात मोटारसायकल मागायचा, मामा डोळे बारीक करत, कपाळावर नांगरट पडे आणि मोटारसायकल निमूट मागे घेतली जाई. यवतच्या एका पाहुण्यानं तर घाबरून मंडपाचा खर्चही स्वतःच्या अंगावर घेतला. कपबशी वाजली तरी मामा डोळे मिटून घेत. उजेडाकडे पाठ करून बसत. मध्येच उठून आतल्या अंधाऱ्या खोलीत जात. मामांना आबा म्हणणारे लोक कुजबुजत, "आबा इचार करायला गेले." आबा ओकायला गेलेले असत. महिन्यातले निम्म्याहून अधिक दिवस त्यांचं अर्धं डोकं ठणकायचं. मामींखेरीज हे कुणाला ठाऊक नव्हतं. मामा सांगत नसत.

कारेगावच्या बाजूला कंपनीत नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलीनं अखेर त्यांना पुण्याच्या डॉक्टरांकडे नेलं. कपाळात, कानशिलांत, मानेत बारीक सुया टोचल्या. बोटॉक्स. दर तीन महिन्यांनी घ्यायचं.

"नट्या घेत्यात त्येच का गं?"

"तेच, आबा. त्यांना सुरकुत्यांसाठी, तुम्हाला दुखण्यासाठी."

दुसऱ्या खेपेनंतर दुखणं पुष्कळ उतरलं. मामा भर दुपारी उसात हिंडू लागले, नातीची पिपाणी शेजारी बसून ऐकू लागले. कपाळ मात्र सारवल्यासारखं सपाट झालं.

तेवढ्यात धाकट्या मामांच्या थोरल्या मुलीची बोलणी निघाली. मुलाकडच्यांनी कार मागितली. आमच्या माना मामांकडे वळल्या. मामांनी जीव खाऊन कपाळ आवळलं. काही हललं नाही. म्हणून त्यांनी जन्मात पहिल्यांदा बैठकीत तोंड उघडलं, "न्हाई जमायचं." मुलाचा बाप हसला. "आबा चेष्टा करत्यात. चेहरा बघा, किती समाधानी हाय."

कार द्यावी लागली.

पुढच्याच आठवड्यात भावकी मामांच्या पडवीत जमली. धाकटे मामा म्हणाले, "दादा, आता धाकटीची बोलणी हायती. तवर येवढ्या डावाची सुई चुकवा."

"तीन महिन्यांचा तर प्रश्न हाय," एक चुलतभाऊ म्हणाला. "आन् डोकं काय, आदीबी दुखतच व्हतं की."

मामांच्या कपाळावरून काही कळायची सोय उरली नव्हती, पण त्यांचा हात पुन्हा पुन्हा कानशिलाकडे जात होता. भावकीतला मान सोडवत नव्हता बिचाऱ्यांना. "बरं, बघू," एवढं ते पुटपुटले, म्हणजे कबूलच झाले. चहा घेऊन आलेल्या मामी दारातच थबकल्या. भावकीसमोर त्यांचा आवाज आजवर मी ऐकला नव्हता.

"भावजी, इतकी वर्सं ह्यांच्या कपाळाला भीत आलात तुमी. काय दुखतंय का, म्हनून येकानं तरी इचारलं?"